कॅमेऱ्यामागचा आरसा

३ फेब्रुवारी
एक कोडे. आरशात जो मनुष्य देखणा नसला तरी बरा दिसतो, तोच फोटोत संशयित म्हणून पकडून आणल्यासारखा का दिसतो?

उत्तर सोपे आहे, फक्त शांतपणे समजून घ्यावे लागते. चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. भांग एकीकडे असतो, एक भुवई किंचित वर असते, हसताना ओठांचे एक टोक आधी निघते. आरशात हे सर्व ज्या क्रमाने दिसते त्याची डोळ्यांना जन्मभराची सवय असते. फोटोत तो क्रम उलटतो आणि आपणच आपल्याला दूरच्या चुलतभावासारखे वाटू लागतो. बाकीच्यांना मात्र तो चुलतभाऊच रोज दिसत असतो.

हे आज लिहिण्याचे कारण असे, की माझे लग्न ठरले आहे आणि महिनाअखेरीस एंगेजमेंट फोटोशूट आहे. लोक अशा प्रसंगी नुसते कपडे घेतात. मी पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक आहे. मी तयारी करणार आहे.

५ फेब्रुवारी
डॉक्टरशी फोनवर बोलणे झाले. डॉक्टर म्हणजे जिच्याशी लग्न ठरले ती. दातांची डॉक्टर आहे. ओळखही तिच्या दवाखान्यातच झाली. मी खुर्चीवर आडवा, तोंड उघडे, आणि वर तो गोल दिवा. दात साफ होताच मी तिला त्या दिव्यामागचा वक्र आरसा कसा काम करतो ते समजावून सांगितले. बाहेर पेशंट थांबले होते, तरी तिने ऐकून घेतले. तिथेच मला जाणवले, की हिला विषयाची आवड आहे.

फोटोशूटबाबत तिची एकच अट आहे. एक फोटो असा हवा ज्यात मी तिच्याकडे बघतोय. बस, बाकी काय हवे ते कर, म्हणाली.

ही अट मूळ तिच्या ताईची. ताईचे म्हणणे असे, की पहिल्या दिवशी मी दिव्याकडे बघून बोललो, हॉटेलात भेटलो तेव्हा मेनूकार्डाकडे बघून बोललो, आणि घरी आलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून. हा माणूस तुला बघायला आलाच नाही गं, असे तिने डॉक्टरला सांगितले. म्हणून आता फोटोच ठरवतील. तसा एकही फोटो निघाला नाही, तर मला परत विचार करावा लागेल, असे डॉक्टर म्हणाली. हसत म्हणाली. शेवटी हसणे थांबले होते, पण ते रेंज गेल्यामुळे असावे.

अट किरकोळ आहे. शेवटच्या दिवशी बघू.

९ फेब्रुवारी
संकल्प: रोज सकाळी आरशासमोर हास्याचा सराव. खरे हसू डोळ्यांखालच्या स्नायूंत असते, ओठांत नव्हे. ते स्नायू सांगून हलत नाहीत, पण शिस्तीने काय साधत नाही?

आज डावी बाजू श्रेष्ठ असल्याचे सिद्ध झाले. यापुढे सर्व फोटो डावीकडून.

आई दारात येऊन उभी राहिली. गाल दुखताहेत का, असे विचारले. सराव चालू आहे म्हटले. दुखत असेल तर तिलाच दाखव, दातांचीच डॉक्टर आहे, फी पण घेणार नाही, म्हणाली.

१० फेब्रुवारी
गाल खरोखरच दुखत आहेत. प्रगतीचे लक्षण.

१४ फेब्रुवारी
शेवटचा पेशंट गेल्यावर दवाखान्यात संयुक्त सराव. हात धुण्याच्या बेसिनवर आरसा आहे, त्यासमोर दोघे उभे राहिलो. मी डावी बाजू पुढे केली, हनुवटी खाली घेतली, आणि आरशातल्या तिच्याकडे प्रेमाने पाहिले. मधूनमधून स्वतःची कॉलर तपासणे अपरिहार्य होते.

कुठे बघतोयस, असे तिने विचारले.
तुझ्याकडेच. आरशात.
मी इथे आहे, म्हणाली.

मी समजावून सांगितले, की मला आरशात तिचे डोळे दिसत असतील, तर प्रकाशाच्या नियमानुसार तिलाही माझे दिसणारच. म्हणजे एकमेकांकडे बघणे सिद्ध झाले. यावर तिने ट्रेमधला छोटा दातांचा आरसा उचलून पुसला आणि म्हणाली, मी दिवसभर आरशात बघूनच काम करते. फक्त त्यात दुसऱ्याचं तोंड बघते.

मग ती ट्रे आवरू लागली. मुद्दा पटला असावा.

डाव्या बाजूविषयीही मत विचारले. तुझी उजवी बरी आहे, डावीकडचा सुळा वाकडा आहे, म्हणाली. डॉक्टर मंडळी फार बारकाईत शिरतात. समग्र दृष्टी नसते.

१७ फेब्रुवारी
ताई भेटली. सर, डोळे मिटा, म्हणाली. मिटले. आता सांगा, माझ्या बहिणीच्या डोळ्यांचा रंग कोणता?

रंग हा प्रकाशावर अवलंबून असतो, त्यामुळे प्रश्न अपुरा आहे, असे मी नम्रपणे निदर्शनास आणले. कोणत्या प्रकाशात ते आधी सांगा.

ताईने डॉक्टरकडे पाहिले. डॉक्टर पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. बराच वेळ शोधत होती. सापडले नाही वाटते.

२० फेब्रुवारी
आज मूलगामी कल्पना सुचली. फोटो वाईट येतात कारण तो काढला जात असताना आपण कसे दिसतो हे आपल्याला कळत नाही. मग कळवून घ्यावे. फोटोग्राफरच्या मागे मोठा आरसा उभा करायचा. जोडप्याने त्यात बघून स्वतःच चुका सुधारायच्या. इतकी साधी गोष्ट आजवर कोणालाच कशी सुचली नाही, याचे खरोखर आश्चर्य वाटते.

आरसा: आईच्या कपाटाच्या दाराला आहे. पूर्ण उंचीचा.

२६ फेब्रुवारी
उद्या शूट. बिजागऱ्या सोडवून दार काढले. आईने आरशाविना साडीचा पदर चाचपडत लावला आणि म्हणाली, आज कपाटाचं काढलंस, लग्नानंतर घराचं काढू नकोस.

२७ फेब्रुवारी, सकाळ
बाग रिकामी. ऊन अजून आमच्या मागच्या इमारतीआड. योजनेनुसार सर्व उत्तम. दार समोरच्या बाकाला टेकवून किंचित मागे कलते ठेवले, म्हणजे पायांपासून डोक्यापर्यंत दोघे दिसू.

फोटोग्राफरने दाराकडे पाहिले. सर, शिफ्टिंग चाललंय का, असे विचारले. मी त्याला पद्धत पहिल्यापासून समजावली. मन लावून ऐकत होता. मध्येच मॅडम, हे नेहमी असंच का, असे त्याने हळूच विचारले. डॉक्टर म्हणाली, आज कमी आहे.

या व्याख्यानात ठरल्यापेक्षा थोडा अधिक वेळ गेला.

२७ फेब्रुवारी, दुपार
शूट झाले. अहवाल लिहितो.

आरंभीच एक अडचण उद्भवली. फोटोग्राफर वाकला की आरशात आमच्याऐवजी त्याची पँटच दिसे. त्याला थोडे बाजूला व्हायला सांगितले. तो झाला. मग आरशात मी स्वच्छ दिसू लागलो. आम्ही, म्हणायचे आहे. डावी बाजू, हनुवटी, डोळ्यांखालचे स्नायू, सर्व जागच्या जागी. फोटोग्राफर मात्र सारखा ओरडत होता. सर, इकडे. सर, मॅडमकडे बघा. सर, तुम्ही बघताय कुठे? व्यावसायिक लोकांना नवीन पद्धत पचायला वेळ लागतो.

नंतर ऊन इमारतीवरून डोकावले. व्याख्यान लांबले नसते तर ते येण्यापूर्वीच सर्व आटोपले असते. कलत्या आरशावर पडून ते सरळ डॉक्टरच्या तोंडावर आले. तिने मान फिरवली तरी सुटेना. मी डोळे मीट म्हणून ओरडलो आणि तिच्या कपाळापुढे हात धरला. या गडबडीत चष्मा नाकावर घसरला, केस विस्कटले आणि माझी उजवी बाजू कॅमेऱ्याकडे झाली. म्हणजे ते दोन-चार फोटो वाया.

एक निरीक्षण, केवळ शास्त्रीय मूल्यासाठी: मी सांगूनही तिने डोळे मिटले नाहीत. माझ्या हाताच्या सावलीच्या कडेला, आरशातून आलेल्या उन्हात, तिचे डोळे काळे नसून मधासारखे तपकिरी असल्याचे दिसले. डाव्या डोळ्यात खालच्या बाजूला गडद ठिपका आहे, तिळाएवढा. हे काळ्या रंगाबाबत माझे पूर्वीचे अनुमान खोडून काढते. किती वेळ पाहत होतो याची नोंद ठेवायची राहिली.

दार परत बसवले. एक बिजागरी उरली आहे. कुठली, ते कळत नाही.

४ मार्च
फोटो आले. दवाखान्यातच पाहिले, ज्या स्क्रीनवर दातांचे एक्सरे बघतात त्यावर. मी, डॉक्टर आणि ताई.

पहिल्या फोटोत डॉक्टर माझ्याकडे बघत आहे. मी फोटोच्या बाहेर कुठेतरी. फोटोग्राफर बाजूला झाला होता, तेव्हा आरसा अर्थातच चौकटीबाहेर. दुसऱ्यातही तसेच. तिसऱ्यातही.

सर बसची वाट बघताहेत, असे ताई म्हणाली. पुढच्या फोटोत म्हणाली, आली वाटतं बस. त्याच्या पुढच्यात म्हणाली, थांबली नाही.

मी हसण्यातील सातत्याकडे दोघींचे लक्ष वेधले. प्रत्येक फोटोत अगदी तेच हसू आहे. सरावाशिवाय हे अशक्य. डॉक्टर फक्त पुढचा फोटो, पुढचा फोटो, असे बटण दाबत राहिली. तिची बोटे तशी फार चपळ आहेत. आज हळू चालत होती.

संग्रह संपला. तिने खुर्ची मागे घेतली. ताईने तिच्या पाठीवर हात ठेवला. मला एकाएकी लक्षात आले, की ती अट किरकोळ नव्हती.

मी म्हणालो, अजून एक फोल्डर आहे. फोटोग्राफरने काढून टाकायचे म्हणून वेगळे ठेवलेले. त्यात काही नाही, माझा चष्मा नाकावर आहे.

तिने ते उघडले.

त्यात मी आहे. तोंड पूर्ण उघडे, केस उभे, चष्मा ओठांच्या दिशेने निघालेला, उजवी बाजू, एक हात तिच्या कपाळापुढे. आरशातले ऊन माझ्या हातावर लखलखतेय, पण मी आरशाकडे बघत नाही.

बस गेली, असे ताई म्हणायला निघाली होती, पण थांबली. मग म्हणाली, सर, डोळे मिटा. रंग सांगा.

कोणत्या प्रकाशात, असे मी विचारले.

या फोटोतल्या, म्हणाली.

मी सांगितले. मध, आणि डावीकडचा ठिपकासुद्धा. ताईने उठून बहिणीचा डावा डोळा दिव्याखाली धरून तपासला. खरंच आहे गं, म्हणाली. मला इतक्या वर्षांत दिसला नाही.

डॉक्टर म्हणाली, हाच फोटो. मोठा करून.

मी तांत्रिक दोषांची यादी सांगू लागलो. तिने तोंड मिटायची खूण केली. ही खूण ती सहसा दात भरून झाल्यावर करते.

१२ मार्च
फोटो फ्रेम होऊन दवाखान्यात लागला, पेशंटच्या खुर्चीसमोर. सन्मानाची जागा आहे असे वाटले होते. आज बाहेर बसलो असता कारण ऐकले. आजोबा, अजून मोठं उघडा, डॉक्टर आत सांगत होती. ते सर उघडताहेत ना, तेवढं.

तरीही माझी आरशाची पद्धत तत्त्वतः यशस्वी ठरली, असे मी मानतो. त्या पद्धतीवाचून ऊन डॉक्टरच्या तोंडावर आलेच नसते. फक्त एक साधी चाचणी जोडायला हवी. कोणालाही घरी करता येते. दोघांनी आरशासमोर शेजारी उभे राहावे, डोळे मिटावेत, एकदम उघडावेत आणि आपली नजर आधी कोणाकडे गेली ते प्रामाणिकपणे सांगावे.

आज संध्याकाळी आम्ही ती बेसिनसमोर केली. डॉक्टर म्हणाली, तुझ्याकडे. मी म्हणालो, तुझ्याकडे.

मग तुझा हात भांगावर का आहे, असे तिने विचारले.