मधल्या शिवणीतली नोंद

१४ नोव्हेंबर, मंगळवार
दुकानातून, दुपारी

प्रिय बबडे,

अनेक आशीर्वाद.

एकोणीस वर्षांनी माझं अक्षर बघून तू आधी पाकीट उलटसुलट करशील, कोण गेलं म्हणून. कोणी गेलेलं नाही. मी बरा आहे. डावा गुडघा कुरकुरतो, आणि डॉक्टरांच्या नावाखाली तुझी वहिनी मला फिका चहा पाजते. तुम्हा दोघींचे दर गुरुवारचे फोन मला माहीत नाहीत असं तुम्हाला वाटतं. मी देवळातल्या बैठकीला गेलो की ही मोबाइल घेऊन गॅलरीत जाते, आणि परत येईपर्यंत तिचा चेहरा तुझ्यासारखा झालेला असतो. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू कशी आहेस हेही विचारावं लागलं असतं.

दुकान चाललंय म्हणायचं. पुस्तकं बांधायला हल्ली कोण देतं? वकिलांच्या फायली, कॉलेजच्या पोरांचे प्रबंध, एखादा जीर्ण शब्दकोश. रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग मात्र अजून मीच घेतो, बत्तीस वर्षं झाली. पोरं मागून मला 'नियमावली' म्हणतात. तू हसशील. हस.

बबडे, मला धक्का बसला आहे. आज सहावा दिवस, अजून हात ताळ्यावर नाहीत. काल एका प्रबंधाला उलटं कव्हर चिकटवलं.

झालं असं. नव्या फादरांनी देवळातल्या बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या माझ्याकडे बांधायला दिल्या. पाठी निखळल्या होत्या, कसर लागली होती. त्यातली एक आपल्या लहानपणची. आधीच्या बांधणाऱ्याने आळस केला होता. घडीतून टाके घालायचे ते त्याने समासातूनच घातले होते, त्यामुळे प्रत्येक पानाची आतली दोन बोटं जागा शिवणीत गेली होती. मी दोरा कापला, जुना गोंद ओल्या फडक्याने सोडवला आणि पानं सुटी करून वाळत घातली. आलेलं काम वाचायचं नाही हा धंद्याचा नियम. पण आपल्या जन्माचं साल समोर आलं की कोणाची नजर हलेल?

माझं नाव होतं. बाबांचं, आईचं, तारीख. आणि आजवर शिवणीत दडलेल्या त्या दोन बोटांत बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'जन्मतःच, जीव धोक्यात असल्याने, घरी बाप्तिस्मा. देणारी सुईण, परधर्मीय. पाणी व शब्द यांची चौकशी केली, ग्राह्य. देवळात केवळ उरलेला विधी.' खाली त्या वेळच्या फादरांची सही.

आपल्या गल्लीत सुईण एकच होती. तुझ्या सासूबाई, आपल्या मावशी.

माझ्या हातातली सुई खाली पडली. ती अजून सापडलेली नाही, अनवाणी फिरायची सोय राहिलेली नाही.

पहिला विचार कोणता आला ते सांगतो, लाज वाटली तरी. मी खरा ख्रिस्ती आहे ना? एवढाच. मी, ज्याने बत्तीस वर्षं पोरांना परीक्षेत चौथा प्रश्न हाच घातला: 'संकटकाळी बाप्तिस्मा कोण देऊ शकतो?' उत्तर: कोणीही. बाप्तिस्मा न झालेलाही. पाणी हवं, शब्द हवेत, आणि ख्रिस्तसभा जे करते तेच करायची मनापासून इच्छा हवी. हे उत्तर ज्याने लिहिलं नाही त्याचे मी गुण कापले आहेत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

ती ओली पानं फडक्यात गुंडाळून मी तसाच फादरांकडे गेलो. पोरगेलासा माणूस आहे, माझ्या थोरल्याच्या वयाचा. त्याने नोंद वाचली आणि हसला. म्हणाला, "मास्तर, तुमचा बाप्तिस्मा माझ्याइतकाच पक्का आहे. तुम्हीच तर शिकवता."

"माझं सोडा," मी म्हटलं. "देणारीचं काय?"

तो हसायचा थांबला. कपाटातून एक पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. बबडे, ते माझंच पुस्तक होतं. म्हणजे मीच बांधलेलं, वर्गात मी वापरतो तेच. त्याने शेवटाकडचा धडा उघडला. मी तो दर वर्षी गाळतो. पोरांचा गोंधळ होईल म्हणून, असं सांगतो. आपला दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख पटली नाही, पण जे खऱ्या मनाने देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाचं ऐकून वागतात, तेही तारणाला पोचू शकतात, असं त्यात सरळ लिहिलं आहे. हे नवं नाही. तू आणि मी एका अंथरुणात भांडत होतो तेव्हापासून ख्रिस्तसभा हे शिकवते आहे.

मी वाद घातला. जित्याची खोड. "मग सगळं एकच म्हणा की! देऊळ कशाला, बाप्तिस्मा कशाला, मी कशाला?"

"सगळं एकच असं मी म्हणालो नाही," तो म्हणाला. "तारणारा ख्रिस्तच. म्हणून तर आपण त्याची ओळख करून देत फिरतो. देवाने तारण बाप्तिस्म्याशी जोडलं, पण स्वतःचे हात बांधून घेतले नाहीत. तो कोणाला कसा आत घेतो ते त्याला कळतं. दारावर रखवालदार म्हणून तुम्हाला कोणी नेमलं?"

एवढ्याशा पोराने कानाखाली काढावी तसं झालं, आणि त्याला बिचाऱ्याला ते माहीतही नव्हतं.

घरी आलो आणि हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कळलं एकदाचं!" तिला माहीत होतं, बबडे! आईने तिला आमच्या थोरल्याच्या जन्माच्या वेळी सांगितलं होतं. मी निळा पडलो होतो, नाळ गळ्याभोवती. बाबा फादरांना आणायला धावले होते. आईला हात उचलवत नव्हता. ती मावशींना म्हणाली, "पाणी घाल ह्याच्या डोक्यावर." मावशी म्हणाल्या, "मला तुमचे शब्द येत नाहीत गं. तू सांग, मी म्हणते." आणि आईने कळा सोसत एकेक शब्द सांगितला, मावशींनी एकेक शब्द म्हटला, पिता, पुत्र, पवित्र आत्मा, आणि तीनदा पाणी घातलं. तिसऱ्या वेळी मी रडलो म्हणे. लोक पोराला अर्धवट म्हणतील म्हणून आईने तोंड बंद ठेवलं, आणि मावशींकडूनही वचन घेतलं.

"मला का नाही सांगितलंस?" मी हिच्यावर ओरडलो.

"सांगून काय झालं असतं? पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला पळाला असता."

आता लिहायचं ते मी चार पानं टाळलं. मधे दोनदा उठून गोंद ढवळून आलो. गोंद काही लागत नाही आज.

आई गेली तो दिवस. तू प्रवासात होतीस. दुपारी खोलीत आमची प्रार्थना चालू होती, आणि मावशी जिना चढून आल्या. मी दार अडवलं. मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "आईची शेवटची घटका आहे. इथे तारणाची प्रार्थना चालली आहे. तुमचं इथे काय काम?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य त्यांनी उच्चारलं असतं तर मी जागच्या जागी गप्प झालो असतो. माझ्या तारणाचं पहिलं काम ज्या हातांनी केलं, त्या हातांत पदर धरून त्या उभ्या होत्या. म्हणाल्या, "बरं बाळ. मी खाली बसते." आणि सर्वांत खालच्या पायरीवर बसून राहिल्या, चार तास. मी मधे दोनदा त्यांच्या बाजूने गेलो आणि आलो.

संध्याकाळी तू आलीस, सासूला जिन्यात बघितलंस, आणि सगळ्यांदेखत मला विचारलंस, ह्या बाहेर का? मी म्हणालो, "आईनेच नको म्हटलं."

बबडे, ते खोटं होतं.

आईने त्यांना हाक मारली होती. तीनदा. जीभ जड झाली होती, उशाशी असलेल्या मलाच ऐकू येत होतं, तरी हाक स्पष्ट होती. मला म्हणाली, "तिला आत घे रे, तुला तिनेच दिलंय." मला वाटलं, बाळंतपणाचं बोलते आहे, भ्रमात आहे. मी तिचा हात धरून मोठ्याने प्रार्थना म्हणू लागलो, तिचा आवाज बुडावा म्हणून. आई त्या हाकेला उत्तर न मिळता गेली. मी तिच्या कानाशी देवाचं नाव घेत होतो आणि मला पुण्य केल्यासारखं वाटत होतं! हे लिहिताना माझ्या अंगावर काटा येतो आहे. असा माणूस मी कसा होतो?

पापनिवेदन केलं. फादरांनी क्षमा दिली, पण प्रायश्चित्त सांगताना म्हणाले, खोटं जिथे बोललात तिथे जाऊन खरं बोला. ते त्यांनी सांगायची गरज नव्हती, एवढं मलाही कळत होतं. पण त्यांच्या तोंडून ऐकल्यावरच मी लिहायला बसलो.

मावशींनी अंथरूण धरलं आहे हे तू गुरुवारच्या फोनवर हिला सांगितलंस, आणि काल पुन्हा फोन केलास की दोन दिवस पाणीही नीट उतरत नाही; हिनेच ते मला सांगितलं. म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. वहिनी स्वतः घेऊन येते आहे. तिला शेवटचा भाग माहीत नाही, तो तूच तिला वाचून दाखव, माझी हिंमत नाही. तू म्हणशील तेव्हा मी येईन, तेव्हा तुला मला हवं ते बोलता येईल. मी खाली घेतलेली मान वर करणार नाही. दार लावून घेतलंस तरी तो तुझा हक्क आहे, आणि हे पत्र मी क्षमा मागायला लिहिलेलं नाही.

माझ्यासाठी थांबू नकोस. हे वाचून झालं की आधी मावशींच्या कानाशी जा. त्यांना कमी ऐकू येतं म्हणे, तर मोठ्याने सांग, दोनदा सांग. सांग, तिने तुम्हाला नको म्हटलं नव्हतं. ती तुम्हाला बोलवत होती. शेवटपर्यंत बोलवत होती. पोराने खोटं सांगितलं.

त्यांना ते कळलं, एवढं वहिनीबरोबर कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

खाली 'तुझा दादा' लिहायला हात धजत नाही.

आईचा थोरला