दोन डावे हातमोजे

प्रिय हेल्लेवीताई,

धाकट्या बहिणीचा नमस्कार घे. तुझा गुडघा आता जिने चढू देतो का, आणि डॉक्टरांनी दिलेली काठी तू हातात धरतेस की दाराआड उभी करून ठेवतेस, ते खरं खरं कळव. (खोटं लिहिलंस तर मला अक्षरावरून ओळखू येतं. म्हणजे कालपर्यंत मला तसं वाटत होतं. तेच तर सांगायला बसले आहे.) इथे तळ्यावर बर्फ अजून आहे, पण त्यावर चालायची हिंमत आता फक्त कावळे करतात. मी ठणठणीत. शाळेचे सहा आठवडे राहिले, मग छत्तीस वर्षांनी सुटले एकदाची, असं म्हणत होते. तेवढ्यात हे प्रकरण झालं.

गेल्या शनिवारी आम्हा शिक्षकांना प्रशिक्षणासाठी शाळेत डांबून ठेवलं होतं. मुलांना सुट्टी, आणि आम्ही बावीस जण बूट बाहेर मांडणीत ठेवून, लोकरी पायमोज्यांत, व्यायामशाळेत गोल करून बसलेलो. विषय काय, तर वर्गात मुलांची सर्जनशीलता कशी फुलवावी! मुख्याध्यापक टार्मोला मी म्हटलंसुद्धा, की बाबा रे, सहा आठवड्यांत मी कोणाचं काय फुलवणार, त्यापेक्षा घरी खिडक्या पुसते. तो म्हणाला, यादीत नाव आहे. यादीत नाव असलं की टार्मोपुढे कोणाचं काही चालत नाही. शिकवायला हेलसिंकीहून योनातन नावाचा एक हसरा गृहस्थ आला होता. त्याने मधोमध एक वीट ठेवली आणि सांगितलं, हिचे चाळीस उपयोग सांगा, मनात येईल ते बोला, काहीच चुकीचं नसतं. आता आपली माणसं तुला ठाऊक आहेत. मनात येईल ते बोलायचं, बावीस जणांसमोर, आणि तेही कॉफीच्या आधी! चार मिनिटं कोणी हूं की चूं केलं नाही. योनातन हसतोय, आम्ही विटेकडे बघतोय. शेवटी व्यायामाचे मास्तर खाकरले आणि म्हणाले, 'भिंत.' सगळ्यांना इतकं हायसं वाटलं की लगेच कॉफीची सुट्टी झाली.

कॉफीनंतर त्याने चिठ्ठ्या वाटल्या. नाव न घालता लिहा, शाळेत असताना तुमची काही करून बघायची हौस कशाने मेली? बोलायचं नाही, लिहायचं आहे, म्हटल्यावर सगळे असे तुटून पडले म्हणून सांगू! चिठ्ठ्या भिंतीवर लागल्या आणि मी वेलचीचा गोड पाव खात आरामात वाचत निघाले, जशी काही दुसऱ्या कोणाची गोष्ट आहे. एका चिठ्ठीपाशी पाव तसाच हातात राहिला. 'तिसरीत लाल हातमोजे विणले. दोन्ही डाव्या हाताचे झाले. बाईंनी वर्गासमोर एक उसवला. मी परत सुया हातात धरल्या नाहीत.' आणि अक्षर कसं, तर गोल, किंचित उजवीकडे झुकलेलं. मी फळ्यावर काढते अगदी तसंच. आमच्या शाळेत आता शिकवणारे चार जण लहानपणी माझ्या वर्गात होते, पण त्यांतली माझ्या शेजारी बसलेली रेता दर वर्षी हस्तकलेचा तास माझ्या गळ्यात मारून स्वतः गणित घेते. झालं, मी मनात पक्कं केलं. रेताच.

ताई, मी स्वच्छतागृहात जाऊन रडले. उसवताना मी कधी रागावले नाही ग. नीट यावं म्हणून प्रेमानेच उसवायची. पण त्या वेड्यावाकड्या लोकरीचा पुंजका हातात घेऊन ते लेकरू जागेवर जाऊन कसं बसत असेल, ते मी मान वर करून एकदाही पाहिलं नाही. निवृत्त व्हायच्या आत हे निस्तरायचंच, असं ठरवलं.

आता निस्तरायचं कसं? आपल्या घरात तोंडाने माफी मागायची पद्धत कुठे आहे! बाबा आईवर ओरडले की दुसऱ्या दिवशी आठवडाभराची लाकडं फोडून ठेवायचे, आणि विषय मिटायचा. म्हणून मी रविवारी लाल लोकर काढली आणि रेतासाठी दोन डावे हातमोजे विणायला घेतले, आपले नेहमीचे, अंगठा तेवढा वेगळा असतो तसले. सोपं वाटतं ना? दुसरा दोन वेळा सवयीने उजव्या हाताचा झाला, आणि दोन्ही वेळा उसवावा लागला. (हो, बरोबर आला म्हणून!) सोमवारी सकाळी ती जोडी मांडणीतल्या रेताच्या हिरव्या रबरी बुटांत ठेवली. मधल्या सुट्टीत अंगणात लक्ष ठेवायला लाल हातमोजे घालून कोण यावं? टार्मो! मेल्याचे बूटही हिरवे, आणि पाय बाईमाणसाएवढे. उजव्या हाताचा अंगठा आत कोंडलेला आणि लोकरीचा रिकामा अंगठा भलत्याच बाजूला लोंबतोय, असा तो गंभीर चेहऱ्याने चार दिवस हिंडला. त्याने कोणाला विचारलं नाही, त्याला कोणी विचारलं नाही. गुरुवारी एवढंच म्हणाला, प्रशिक्षणाचा परिणाम दिसायला लागलाय. मी म्हटलं, असेल बाबा.

त्यामुळे काल, शुक्रवारी, तोंड उघडणं भाग पडलं. मांडणीपाशी रेता बूट काढत होती. मीही वाकले, म्हणजे एकमेकींकडे बघावं लागत नाही. म्हटलं, "रेता, तुझा लाल हातमोजा मी उसवला. माझं फार चुकलं."

ती एक बूट हातात घेऊन तशीच उभी. "बाई, ती चिठ्ठी माझी नाही."

"अक्षर तुझंच आहे की ग!"

"आम्हा चौघांचंही तेच आहे, बाई. तुम्हीच घोटून घेतलंत." मग बूट मांडणीत ठेवत म्हणाली, "तसं माझंही उसवलं होतंत. पण माझी टोपी होती."

मला हसू आलं आणि रडूही आलं. तिने माझा कोट घेऊन नीट खुंटीला लावला. आपल्याकडे कोणी एवढं केलं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको.

तर आता असं आहे, की कोणाचा तो उसवला हे कळायला मार्ग नाही, आणि तशी चूक माझीच. म्हणून चौघांनाही विणून देणार, बुटांत नाही, हातात, आणि तोंडाने सांगून. कालच्याच हस्तकलेच्या तासाला माझ्या वर्गातल्या पिल्वीने असंच काहीतरी लांबुळकं, दोन्हीकडून बंद विणून आणलं. "बाई, चुकलंय ना?" माझा हात सवयीने पुढे गेला, तो मी खिशात घातला आणि विचारलं, हे कोणासाठी? म्हणाली, आमच्या सशाला उशी. मग चुकलं कुठे! पाऊण तास ती त्या सशाबद्दल बोलत होती. बाकी टाके कुणी मोजलेच नाहीत.

गुडघ्याला जप.

तुझी,
टूलिक्की

ता. क. तुमच्या ओउलूच्या दुकानातली जाड लाल लोकर आठ गुंडे पाठव. इथली धुतली की आटते.

ता. क. आठ नको, दहा पाठव. टार्मोने आत्ता फोन करून सांगितलं, की त्याचा एक हातमोजा अंगणात हरवला, आणि तो ज्या कोणी विणला त्या व्यक्तीने कृपया तसाच दुसरा करावा. मला म्हणाला, तू जरा चौकशी कर.

ता. क. ताई, एवढं सगळं लिहिलं ते खरं तर हे विचारायला. तुम्ही ओउलूला जायच्या आधी तुझी लेक इंकेरी दोन वर्षं माझ्या वर्गात होती. आपण दोघी विणायला बसलो की ती उठून खिडकीशी जायची, आणि आपण म्हणायचो, कंटाळते पोर. तिला काही विचारू नकोस. फक्त तिच्या आत्ताच्या हाताचं माप कळव.