हलत्या व्याजाचे घर आणि आईचा भंडारा

मृत्युपत्र लिहून ठेवणार: आकाराम बिरदेव सरगर, वय बासष्ट, एस.टी.चा निवृत्त वाहक, राहणार मिरज, जिल्हा सांगली.

मी हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाचे न ऐकता लिहून ठेवत आहे. माझ्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत आणि आठवड्यातून तीनदा मी डायलिसिसच्या खुर्चीत बसतो. पण डोके जागेवर आहे. दाखला देण्याआधी डॉक्टरांनी मला वार विचारला. मी वार सांगितला आणि वर मिरज ते जत मार्गावरचे सगळे थांबे ओळीने म्हणून दाखवले. जतच्या अलीकडेच ते म्हणाले, "पुरे, पुरे." तो दाखला सोबत जोडला आहे.

कलम १. वर "राहणार मिरज" असे लिहिले आहे, त्याबद्दल थोडे. वकील शिवांजलीताई म्हणतात, याला कलम लागत नाही. मला लागते. माझा जन्म मेढ्याजवळ एका शेतात झाला, आमची मेंढरे तिथे बसायला होती म्हणून. आम्ही धनगर, मूळचे जत तालुक्यातले. दिवाळी झाली की मेंढरे घेऊन साताऱ्याच्या बाजूला जायचे आणि पाऊस पडायच्या बेताला परत फिरायचे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारले, राहणार कुठले? माझे वडील म्हणाले, "आज हितं, उद्या म्होरं." मास्तर हसले. वडील ते हसणे मरेपर्यंत विसरले नाहीत, आणि मीही नाही. सत्तावन्नाव्या वर्षी मिरजेत फ्लॅट घेतला तेव्हा मी त्या शब्दापुढे पहिल्यांदा खरे लिहिले. किती खरे, ते पुढे येईल.

कलम २. माझी माणसे अशी: पत्नी मंगल, मुलगी सोनम, वय तीस, इथल्या एका दवाखान्यात नर्स, मुलगा साईराज, वय सव्वीस, पिकअप गाडी चालवतो. आई अंबूबाई दोन वर्षांपूर्वी वारली. यांच्याशिवाय माझ्या मालमत्तेवर कोणाचा हक्क नाही. चुलतभावांनी उगीच हेलपाटे घालू नयेत.

कलम ३. गावाकडची दीड एकर माळजमीन साईराजला. वडिलांचे घोंगडे, लोकर कातरायची कातर आणि ढोलही त्यालाच. तो ढोल वाजवत नाही, मोबाईलवर ऐकतो, तरी त्यालाच. एस.टी.चे जे काही पैसे शिल्लक आहेत ते मंगलला. त्यातून तिने आधी स्वतःच्या गुडघ्यांचे बघावे, जावळे-बारशी नंतर. माझा जुना तिकीट पंच सोनमला. लहानपणी माझ्या शेजारी बसून ती दिसेल त्या कागदाला भोके पाडायची. शाळेचा दाखलासुद्धा सोडला नव्हता बयेने.

कलम ४. आता घर. फ्लॅट माझ्या आणि सोनमच्या नावावर आहे. माझा अर्धा हिस्सा मी सोनमला देतो. हे लिहायला एक ओळ लागली. पण त्या हिश्श्यासोबत कर्ज येते, आणि ते कसे आले ते लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कर्जाच्या फायली गोळा करून द्यायचे काम माझा मेहुणा दादासो करतो. त्याने तीन ठिकाणचे कागद कॉटवर मांडले. सरकारी बँकेचा दर मधला होता, पण इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही म्हटल्यावर त्यांनी फाईल परत दिली. बिल्डर म्हणाला होता, पुढच्या महिन्यात मिळेल. तो महिना अजून यायचा आहे. माझ्या दिवसकार्याला त्याला बोलावू नये. सहकारी बँकेचा दर ठरलेला, न बदलणारा, पण चढा. तिसरी एक घरकर्ज देणारी कंपनी. तिचा दर सगळ्यांत कमी, पण हलता.

"दाजी, हलता म्हंजी वर बी जातो आन् खाली बी येतो," दादासो म्हणाला. "आत्ता तळाला हाय. मग उगा जास्ती कशाला भरायचं?"

सोनम म्हणाली, "आबा, तुमी म्हणशीला तसं." पगार तिचा होता. माझी निवृत्ती तोंडावर आली होती.

मी म्हटले, कमी आहे ते घ्या.

लोक मला विचारतात, तुला कळले कसे नाही. कळले नाही, कारण मी असल्या सौद्यात वाढलेलोच नाही. आमच्यात मेंढराचा भाव रुमालाखाली बोटे धरून ठरतो. बोटे सोडली की भाव ठरला. मग बाजार चढू दे नाहीतर बसू दे, कोणी मागे फिरून येत नाही. पुढे मी एकतीस वर्षे तिकिटे फाडली. भाडेवाढी कितीतरी आल्या, पण गाडीत बसलेल्या माणसाकडे फाडलेल्या तिकिटावर वाढीव पैसे मी कधी मागितले नाहीत. हलता दर म्हणजे बाजारात हलणारा दर, असे मी धरून चाललो. आमची तर बोटे सुटली होती, सही झाली होती.

मग दर चढत गेले. हप्ता तेवढाच कापला जात होता म्हणून आम्ही निवांत. एकदा सहज शाखेत गेलो तर तिथला साहेब म्हणाला, "हप्ता वाढवला नाही सर आम्ही. मुदत ॲडजस्ट झाली."

"म्हणजे कधी फिटणार?"

"दोन हजार त्रेचाळीस."

पंधरा वर्षांचे कर्ज होते, छत्तीस साली संपणारे. सोनम शेजारी बसली होती. ती हळूच म्हणाली, "आबा, तवा मी सत्तेचाळीसची असंन." साहेब संगणकात बघत राहिला. त्या पोरीने रडायला हवे होते, भांडायला हवे होते. तिने माझी पाण्याची बाटली उचलली आणि म्हणाली, चला, डायलिसिसला उशीर होतोय.

पुढे पेपरात आले की दर उतरले. आम्ही आशेने गेलो. दारातच पाटी होती, नवीन ग्राहकांसाठी कमी दर. जुन्यांसाठी काय? फी भरून अर्ज करा. भरली. थोडा उतरला, आणि दुसऱ्या कुठल्या तरी कारणाने पुन्हा चढला. कारण विचारले तर म्हणाले, कंपनीचा स्वतःचा दर आहे, कंपनी ठरवते. कर्ज दुसऱ्या बँकेत हलवायला गेलो तर पुन्हा तेच भोगवटा प्रमाणपत्र. सोनमचे नाव काढून साईराजचे घाला म्हटले, तर त्याला पगाराची चिठ्ठी नाही. जिथे जाऊ तिथे माणसे गोड बोलायची, पाणी द्यायची, आणि आम्ही होतो तिथेच. आयुष्यात इतका हतबल मी घाटात ब्रेक गेलेल्या गाडीतही झालो नव्हतो. तिथे निदान शिट्टी तरी वाजवता आली.

गेल्या वर्षी पलूसहून पाहुणे आले. मुलगा फौजेत, शांत. त्याच्या आईने चहा घेतला, सोनमला जवळ बसवले आणि सरळ विचारले, "पोरगी लय गुणाची हाय. पन ह्यो हप्ता कुणाच्या पगारातनं जाणार?" सोनम म्हणाली, "माझ्याच." पाहुणे कळवतो म्हणून गेले. मुलाचा फोन अजून येतो. मला माहीत नाही असे मंगलला आणि सोनमला वाटते.

मी शिवांजलीताईंना म्हटले, लिहा, माझ्या पश्चात सोनमचा या कर्जाशी संबंध राहणार नाही. त्या म्हणाल्या, "काका, तसं लिहिता येत नाही. लिहिलं तरी कंपनी मानणार नाही." मी म्हटले, मग हा एवढा स्टॅम्पचा कागद कशाला? चांगली बाई आहे, तिचा काय दोष.

कलम ५. साईराजसाठी. बाळा, कधीतरी तूही घर घेशील. नुसता टक्का बघू नकोस, टक्का सगळे दाखवतात. दर कशाला बांधलाय ते विचार. रिझर्व्ह बँकेच्या दराला, की त्यांच्या मनाला? किती महिन्यांनी बदलतो? वाढला तर हप्ता वाढणार की वर्षे, हे लिहून माग. आणि उतरला तर जुन्या गिऱ्हाइकाला आपोआप उतरणार का, की फी भरून रांगेत उभे राहायचे? हे सगळे विचारूनही फसशील कदाचित. पण विचार. दादासोवर राग धरू नकोस. त्याने स्वतःचे घरही त्याच कंपनीतून घेतले आहे.

कलम ६. आता उरलेला मार्ग. घर विकले तर कर्ज फिटते आणि थोडे हाती राहते. साईराजने हे दोनदा काढले. दोन्ही वेळा सोनम उठून आत गेली. का गेली ते मला माहीत आहे, म्हणून हे कलम.

वास्तुशांतीच्या दिवशी माझ्या आईने गावच्या बिरोबाचा भंडारा परातीत काढला. आईचा जन्म उघड्यावर गेला. माझ्या वेळच्या बाळंतपणात तिच्या डोक्यावर नुसते घोंगडे होते. ती सोनमला म्हणाली, "पोरी, भंडारा उचल आन् म्हण, ह्ये छप्पर मी इकणार न्हाई." सोनमने मूठभर हळद उचलली, कपाळाला लावली आणि म्हटले. आई भिंतीवरून हात फिरवत रडली. मी तिथेच उभा होतो, आणि मला लय बरे वाटले होते. व्याज हलते, वर्षे हलतात, पण भंडारा उचलून दिलेला शब्द आमच्यात हलत नाही. पोरगी त्या दोन्हींच्या मध्ये सापडली आहे.

मी गावच्या पुजाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "ज्यानं उचलाय लावला त्यानंच उतरवायचा. म्हातारी न्हाई, तर तिच्या थोरल्या लेकानं. त्यो बी गेला तर मग कुणाच्याच हातात न्हाई." थोरला मीच. देवळापुढे यावे लागेल म्हणाला. मी म्हटले, आवं, मला मिरजेची वेस ओलांडवत नाही. मग त्याने देवापुढचा भंडारा पुडीत बांधला आणि जत-मिरज गाडीच्या वाहकाजवळ दिला. ती पुडी काल पोचली. एस.टी.ने मला एवढे शेवटचे पोचवले.

शिवांजलीताई म्हणाल्या, "काका, शपथ उतरवणं कायद्यात बसत नाही. पण लिहा." म्हणून लिहितो.

मी, अंबूबाईचा थोरला लेक आकाराम, बिरोबाचा भंडारा माझ्या कपाळाला लावून सोनमवरची शपथ उतरवून घेत आहे. आजपासून ती माझ्या माथी. घर विकल्याचा जो काही जाब असेल तो देवाने आणि माझ्या आईने मला विचारावा. मी येतोच आहे.

सोनम, मला हे घर विकलेले नको आहे. खोटे कशाला लिहू. इथल्या खिडकीतून मला रेल्वे दिसते आणि आत पलंग आपला असतो, याचे मला रोज सुख वाटते. पण माझे हे सुख तुझ्या सत्तेचाळीसाव्या वर्षापर्यंत कापून घ्यायचा मला हक्क नाही. कंपनीला मी अडवू शकत नाही. आजाराला अडवू शकत नाही. माझ्या हातात एवढी पुडीच होती. घर विक, कर्ज फेड, आईला जवळ ठेव, आणि त्या मुलाचा फोन उघड उघड उचल.

कलम ७. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या मृत्यूच्या दाखल्यावर "राहणार"पुढे मिरज लिहावे. घर नंतर विकावे. एवढा हट्ट चालवून घ्यावा.

हे सारे मी वाचून पाहिले, मला समजले, आणि खालील दोघांच्या समोर सही केली. त्या दोघांनी माझ्यासमोर केली.

साक्षीदार:
१. दादासो गडदे, राहणार मिरज (रडत सही केली, म्हणून अक्षर वाकडे आहे)
२. गुंडा चौगुले, शेजारी, राहणार मिरज

ठिकाण: मिरज. दिनांक: ९ मार्च २०२६.

सही: आकाराम बिरदेव सरगर

डाव्या अंगठ्याचा ठसा, शाईचा: सरकारसाठी.
उजव्या अंगठ्याचा ठसा, भंडाऱ्याचा: सोनमसाठी. हा झडून जाईल. झडला तरी लागू आहे.