सही करायची की नाही

१० फेब्रुवारी
आज बारावा दिवस. हे माझ्याशी बोलत नाहीत, कुत्र्याशी बोलतात. "मोती, चहा झाला काय विचार." मी पण मोतीलाच सांगितलं, "साखर संपली, धन्याला सांग." हळर्णची काजूची बाग विकायची आहे ह्यांना. अर्धी माझी, लग्न झालं तेव्हापासून. इथल्या कायद्याने बायकोच्या सहीशिवाय विक्री होत नाही. गिऱ्हाईक ठरवलं, त्याला चहा पाजला, मग कागद घेऊन माझ्याकडे. नाही केली सही.

१४ फेब्रु.
जावेने पेडण्याच्या शालिनीबाईंचं नाव काढलं. शिक्षिका होत्या, आता नवरा-बायकोला समोर बसवून भांडण मिटवतात. मी म्हटलं, मी काय ह्यांना सोडून चाललेय? जाऊ म्हणे, "राहायचंय म्हणूनच जा गो."

१७ फेब्रु.
गेलो. बसमध्ये हे पुढे, मी मागे. बाईंचा नियम असा, एकाने बोलायचं, दुसऱ्याने गप्प ऐकायचं आणि मग तेच आपल्या तोंडाने सांगायचं. मी तीनदा मध्ये बोलले. "तुमची पाळी येईल हो," बाई म्हणाल्या. डोकं तापलं.
माझं ऐकून हे म्हणाले, "तिला बाग हवी." चूक! बाग राहू दे बाजूला, आधी मला विचारायचं होतं. बाई म्हणाल्या, परत सांगा. सांगितलं बापड्याने.

२४ फेब्रु.
ह्यांची पाळी. गेल्या हंगामात बागेच्या चढणीवर दोनदा पडले. गुडघा वाकत नाही. घरात बोललेच नाहीत. आणि मी रोज टोचायचे, आळशी, तुमच्यामुळे काजूचे बोंडू झाडाखाली कुजतात.
आता हे मी सांगायचं. "हे पडले, आणि मी..." बाईंनी पाणी दिलं.

२ मार्च
बोंडू गळायला लागले. एकटीच वर गेले. दोन टोपल्या भरेपर्यंत कंबर गेली. खाली अजून सगळा सडा. एकटीच्याने व्हायचं नाही हे. ह्यांना मात्र सांगितलं नाही.

५ मार्च
गिऱ्हाईक सोमवारी येतंय. पेज वाढत होते तर हे थेट माझ्याकडे बघून, "काय करूया गो?"
सही कर म्हणाले नाहीत.
हेच हवं होतं ना मला? म्हटलं, पेज निवते, जेवा आधी.
जेवले. हात धुतले. परत येऊन बसले, आणि परत तेच विचारलं.