सात नंबरवरचा पहारा

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ९.४०
आजपासून रोज लिहायचं. कर्तृत्वाची नोंद कुठेतरी राहायला हवी.
आमच्या कंपनीच्या साइटवर लोक डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट घेतात. दर सोमवारी साइट रडतखडत चालते. क्लाउडवर आमचे चौदा सर्व्हर. त्यातल्या कुठल्यावर डेटाची एवढी गर्दी होते, ते साहेबांना महिनाअखेर हवंय. रेडीमेड टूल घेऊ म्हणत होते. म्हटलं, मी असताना? जमलं तर टीम लीड आणि केबिन. नाही जमलं तर कस्टमर सपोर्टला, फोन उचलायला. दुसऱ्या शक्यतेवर वेळ घालवणार नाही.

२ सप्टेंबर
केबिनचं माप घेतलं. नऊ बाय सात. सध्या तिथे मोडक्या खुर्च्या टाकतात. मोजल्या, अकरा. टूल उद्या.

४ सप्टेंबर
टूल तयार. नाव 'पहारेकरी'. दर पाच मिनिटांनी सर्व्हरला विचारायचं, डेटा किती आला, किती गेला, आणि आलेख काढायचा. चौदा एकदम नकोत, आधी एकावर हात बसू दे. सात नंबर घेतला. त्याचा पत्ता माझ्या जुन्या डायरीत होता, शोधाशोध वाचली. आलेखाचं पानही त्याच्यावरच ठेवलं.
शेजारच्या टेबलावरची टेस्टर म्हणाली, सर, सात नंबरचं एकदा तपासून घ्या. म्हटलं, मेल कर. तिच्या मेल आपोआप वेगळ्या फोल्डरमध्ये जातात. ती सोय मीच केलीय.

८ सप्टेंबर, सोमवार
साइट पुन्हा ढेपाळली. सात नंबर मात्र शांत. रेघ एकदम सपाट. पहारेकऱ्याचा वचक आहे.
फक्त रोज सकाळी ११.१० ला एक उंचवटा दिसतो. कुणीतरी रोज येऊन काहीतरी नेतंय. हा चोर सापडला की प्रश्न मिटला.

९ सप्टेंबर
चहा आटपून नेहमीसारखा ११.१० ला जागेवर आलो, आलेख उघडला, आणि नेमका तेव्हाच उंचवटा. माझ्या डोळ्यांदेखत. कमाल आहे हिंमतीची.

१० सप्टेंबर
पाच मिनिटं फार होतात. आता दर पाच सेकंदांनी विचारतो. लगेच अख्खी रेघच वर चढली. चोर बिथरलाय.
उंचवटा आला की ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज जाईल असं केलं. दुपारपर्यंत ग्रुपवर मी एकटा. जबाबदारी नको असते लोकांना.
घरी स्वयंपाकघरातला नळ गळतोय. बायको आठवडाभर मागे लागलीय. मिनिटाला बेचाळीस थेंब मोजले आणि तक्ता करून फ्रिजवर लावला. ती म्हणाली, मोजून थांबतो का नळ. आकडेवारीचं महत्त्व सगळ्यांनाच कळतं असं नाही.

१२ सप्टेंबर
पोट बिघडलं. रजा.

१५ सप्टेंबर, सोमवार
शुक्रवारचा आलेख पाहिला. ११.१० ला उंचवटा नाही. म्हणजे चोर शुक्रवारी रजेवर होता. हजेरी काढली. रजेवर दोघंच, मी आणि एचआरवाल्या बाई. मी तर मीच आहे. राहिल्या बाई.

१६ सप्टेंबर
बाईंना आडून आडून विचारलं, शुक्रवारी कुठे होतात. म्हणाल्या, दाढ काढायला. गाल सुजलेला होता. तयारी पक्की आहे बाईंची. मग चोरीचं स्पष्टच विचारलं. त्यांनी तक्रारीचा फॉर्म काढला. माझ्याविरुद्धचा. सहीपुरता मला दिला.

२२ सप्टेंबर, सोमवार
साइट दोन तास बंद. सगळ्यांची धावपळ. मी शांत, कारण सात नंबर शांत.
घरचा नळ थांबला. थेंब शून्य. तक्त्याचा परिणाम. बायको वॉशरबिशरबद्दल काहीतरी सांगत होती. हातात पाना होता तिच्या.

२६ सप्टेंबर
उरलेले तेरा सर्व्हर उद्या जोडायचेच. उद्या शनिवार. मग सोमवारी, मीटिंगनंतर. केबिनच्या दारासाठी नावाची पाटी करायला टाकली.

२९ सप्टेंबर, सोमवार. दुपार
मीटिंग झाली.
साइट बंद होती, फोन वाजत होते. मी पडद्यावर सपाट रेघ दाखवून म्हटलं, सगळं आटोक्यात आहे. साहेबांनी विचारलं, हा कुठला सर्व्हर? टेस्टर माझ्याकडे न बघता म्हणाली, सात नंबर, सर. गेल्या मार्चपासून रिकामा आहे. साहेब म्हणाले, मग तिथे जातं कोण? तिने नोंदी उघडल्या. दोघंच. पहारेकरी, दर पाच सेकंदांनी. आणि मी, रोज चहानंतर, आलेख बघायला.
साहेबांनी पुढचं विचारलं. रिकामा होता तर बंद का नाही केला, काम कुणाकडे होतं? यादी निघाली. काम माझ्याकडे होतं. शेराही माझाच होता, 'बंद केला'.
मी आलेख मिटला. एचआरवाल्या बाईंची सूज उतरलीय. हसू अगदी नीट येतं त्यांना.

३० सप्टेंबर, मंगळवार
रेडीमेड टूल आलं. टेस्टरने जेवणाआधी तेराही सर्व्हर जोडले. चार नंबर तुंबला होता. तीन वाजेपर्यंत साइट पळायला लागली.
तिचं फोल्डर उघडलं. सव्वीस मेल. विषय एकच, सात नंबर.
चार वाजता सात नंबर बंद केला. खरोखरच केला. वाईट वाटलं. महिनाभर त्याला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.
सपोर्टचे फोन उचलायला शांत जागा लागते, म्हणून मला तिकडची खोली दिलीय. नऊ बाय सात. पाटी बॅगेतच आहे.
घरी बायकोने विचारलं, केबिनचं काय झालं? म्हटलं, मिळाली. ती म्हणाली, आणि त्या मोडक्या खुर्च्या?
म्हटलं, दहा आहेत अजून. अकरावीवर मी बसतो.