विश्रांतीचा आठवडा

६ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझा धाकटा भाऊ पन्नाशीला टेकल्यावर सायकलपटू झालाय, हे हिने तुला हसतहसत सांगितलंच असेल. शर्यतवाल्यांची पद्धत उचलली आहे. पहाटे छातीला पट्टा बांधून नाडी मोजत निघायचं, थोडा वेळ जीव तोडून पायडल मारायचं, मग सावकाश, मग पुन्हा जीव तोडून. त्यानंतर दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभं राहून भिंगं घासायची. ही म्हणते, गच्चीवरचे कपडे आणायला सांगितले की मात्र याची नाडी वाढते! मार्चमध्ये खिंडीपर्यंत चढायची शर्यत आहे, नाव दिलंय.

अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांचा उजवा हात आता थोडा तरी हलतो का? त्यांना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझा पराक्रम बाबांना वाचून दाखवला. ते अडखळत म्हणाले, दूध आणायला सांगितलं की याची सायकल नेमकी पंक्चर असायची. पुष्कळ दिवसांनी हसले. हात मात्र आहे तसाच. रात्री त्यांची कूस बदलायला उठावं लागतं, सकाळी शाळेत शिकवायला जायचं. परवा फळ्यापाशी उभ्याउभ्याच माझा डोळा लागला. पोरी गप्प बसून राहिल्या, त्याचीच जास्त लाज वाटली. असो, चालायचंच.

जपून चालव, हाडं काही नवी येत नाहीत.

आशीर्वाद देणारी,
ताई

११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

पाय दगडासारखे झालेत. वेग वाढेना म्हणून मी सराव वाढवला, तर होता तो वेगही गेला. एका गिऱ्हाइकावर उगाच खेकसलो. काल चढणीवर उतरलो आणि रस्त्याकडेला नुसता बसून राहिलो. डॉक्टर म्हणतात, आजार काही नाही.

सायकल दुरुस्तीवाला एके काळी शर्यती खेळायचा. त्याने विचारलं, झोपतोस कधी? म्हणाला, पगारी खेळाडू सराव झाला की आडवे होतात, त्यांचं जेवणखाण दुसरं कुणी बघतं. तू त्यांचे कष्ट तेवढे उचललेस, आराम त्यांच्याकडेच ठेवलास. कष्टानं माणूस झिजतो, भरून येतो तो विश्रांतीत.

ताई, मी हौसेनं दमलो, म्हणून मला थांबता तरी येतं. तुला कोण थांबू देतं? शर्यतीतून नाव काढलंय. शनिवारच्या बसने येतोय, आठवडाभर बाबांचं सगळं मी बघेन. तू मैत्रिणीकडे जा आणि झोप. नाही म्हणायचं नाही.

तुझाच,
धाकटा

२९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मैत्रिणीकडे पहिले दोन दिवस मी नुसती झोपले. जेवायला उठवलं, तर घास तोंडात तसाच ठेवून पेंगले म्हणे. तिसऱ्या दिवशी जाग आली आणि घरात कुणी हाक मारत नाही हे लक्षात आलं. तशीच पडून रडले. दुःखाचं नव्हतं रे.

घरी आले तर तुझे डोळे खोल गेलेले. बाबांची तक्रार, हा मला पोत्यासारखा उचलतो. पण तू गेल्यापासून रोज संध्याकाळी दाराकडे बघतात.

निघताना म्हणालास, दर महिन्याला आठवडाभर येत जाईन. दमलेला माणूस काहीही बोलतो, म्हणून तेव्हा मी उत्तर दिलं नाही. एरवी मी म्हटलं असतं, नको, होईल माझं. आज तसं लिहायला बसले, पण हात वळेना.

ये.

वाट बघणारी,
ताई