गिलोयचा काढा

चौबे कॉलनी, रायपूर
१४ सप्टेंबर २०२४

प्रिय इंदूताई,

नमस्कार. भावोजींचा गुडघा कसा आहे? रुचिताची बँकेतली नोकरी कायम झाली. माझ्या जुन्या शाळेने शिक्षकदिनाला सत्कारासाठी बोलावलं होतं, गेलो नाही. पायांवर सूज आहे, चपलाच होत नाहीत.

तुझी किडनी गेली, ताई. दोन वर्षांपूर्वी भावोजींशी भांडून मला दिलीस, ती. दर रविवारी तू अमरावतीहून फोनवर विचारतेस आणि मी "मस्त" म्हणतो. महिना झाला, मी डायलिसिसवर आहे.

बारावीच्या पोरांना तीस वर्षं हेच शिकवलं. शरीरात पहारेकरी पेशी असतात. परकं काही दिसलं की त्या ते गिळतात, बारीक तुकडे करतात आणि एक तुकडा अंगावर मिरवत टी-पेशींना दाखवतात, हे बघा, हे आपलं नाही. मग टी-पेशी तुटून पडतात. रोगजंतू असो की सख्ख्या बहिणीची किडनी, त्यांना सारखंच. त्यांना गप्प ठेवायच्या गोळ्या मी सकाळ-संध्याकाळ घेत होतो.

एकही चुकवली नाही. पण त्या गोळ्यांमुळे सदा सर्दी, सदा खोकला. कोरोनापासून इथे प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घरोघरी गिलोयचा काढा पितात, म्हणजे आपली गुळवेल. शेजारचे हरिदास भैया वेल घेऊन आले. "सरजी, पीके देखो, ताकत आएगी." त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक? मला ठाऊक होतं. तरी दोन महिने प्यायलो. आजारी माणूस म्हणून जगायचा कंटाळा आला होता, दुसरं काही कारण नाही.

डॉक्टर म्हणाले, "सर, हम सुला रहे थे, आप जगा रहे थे." मला मान वर करता आली नाही.

रुचिताला काढ्याचं सांगितलेलं नाही. किडनी दुर्दैवाने गेली असं तिला वाटतं. आता ती मला न विचारता स्वतःची तपासणी करून आली. जुळते म्हणाली. "बाबा, मी देऊन राहिली न, तुम्ही काहून घाबरता?" २४ तारखेला, मंगळवारी, ती कागदांवर सही करणार आहे.

नको म्हणायला रोज तोंड उघडतो आणि शब्द निघत नाही. लाज वाटते, पण मला जगायचंय, ताई. तूच तिला फोन कर. काढ्याचं सांग आणि माझ्या वतीने नको म्हण. मंगळवारच्या आत.

अजून म्हणत असशील तर, तुझा भाऊ
पराग